शकूच्या लाल पत्त्यांचा कॅट

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडवीत चटईवर पालथा पडलेलो होतो. कमलाकांत आत डब्यात पेज भरत होता. शकू दोन दिवसांपासून बोईसरच्या एका दवाखान्यात होती. साधा ताप म्हणून नेले होते, आणि पेजेचा डबा तिच्यासाठीच होता. फोन हेमालीचा होता, म्हणजे त्यांच्या मुलीचा. कमलाकांत "हां" म्हणाला. थोडे ऐकून पुन्हा "हां" म्हणाला. मग त्याने डब्याचे झाकण नीट घट्ट लावले, डबा हातात घेऊनच पडवीत आला आणि माझ्यासमोर त्याच्या नेहमीच्या जागेवर बसला. शेजारची नलूबाई येऊन "कमळादादा, काय झालं?" असे विचारीपर्यंत तो तसाच बसून होता.

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. राजा, राणी, गुलाम असतात तसला नव्हे. माझ्यात जादूगार आहेत, वाटाडे आहेत, बोलणारे पक्षी आहेत, अंधारात उजेड देणारी फुले आहेत. माझे पन्नास पत्ते लाल पाकिटांत घातलेले होते आणि मी शकूचा होतो. कमलाकांतचा कॅट वेगळा, निळ्या पाकिटांतला. त्या दिवशी लोक बसायला येणार म्हणून नलूबाईने चटई उचलली. अर्धा खेळलेला डाव मोडून तिने लाल पत्ते एकत्र केले, निळे एकत्र केले, दोन्हींना वेगवेगळे रबर लावले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावले. तिची काही चूक नव्हती. घरात माणसे मावत नव्हती.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या देशात, कारखान्यात झाला. त्यातले फार आठवत नाही. मोठ्या कागदावर छापले, यंत्राने कापले, कोपरे गोल केले, खोक्यात भरले. मुंबईच्या एका दुकानात मी बरेच दिवस वरच्या फळीवर होतो. तिथून हेमालीने मला घेतले. हेमाली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते आणि सासरी उमरोळीला राहते. जेवणाच्या सुट्टीत ती आणि तिच्या मैत्रिणी हा खेळ खेळत असत. त्याच वर्षी कमलाकांतचे गुडघे गेले आणि त्याने होडी सोडली. तो तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा, होडीवरच्या सगळ्यांचा मुख्य. तीस वर्षे समुद्रावर गेलेला माणूस दांडी गावातल्या घरात ओट्यावर बसून राहू लागला. येणाऱ्या जाणाऱ्याला उगीच बोलू लागला. शकू दुपारपर्यंत बोईसरच्या बाजारात सुकट विकून यायची आणि आल्यावर त्याची बोलणी ऐकायची. म्हणून हेमालीने मला आणले.

हा खेळ कसा आहे ते थोडक्यात सांगतो. यात खेळणारे एकमेकांविरुद्ध नसतात. दोघेही एकाच बाजूला असतात आणि समोर धुके असते. धुक्यात एक गड हरवला आहे. सात टप्पे पार करून तिथे पोहोचायचे. धुक्याच्या पत्त्यांचा गठ्ठा वेगळा असतो. दर फेरीला त्यातला एक उलटायचा. कधी लांडगे येतात, कधी पूल तुटतो, कधी नुसतीच भीती वाढते. आपण आपल्या कॅटमधला एक पत्ता ओढायचा आणि दर फेरीला मिळणारे बळ साठवून, हातात असलेल्यांपैकी परवडेल तो खाली मांडायचा. भीती दहा झाली की हार. ओढायला पत्ता उरला नाही तरी हार. आणि आपल्या हातातले पत्ते जोडीदाराला दाखवायचे नाहीत, असा नियम.

पहिल्या दिवशी हेमाली समजावत होती तेव्हा कमलाकांतने तोंड वाकडे केले.

"हरवायचं कोनाला?"

"धुक्याला, बाबा."

"धुक्याला कोन हरवतो? धुकं आलं की नांगर टाकून गप बसायचं. उठेल तवा उठेल."

"तुमी बसा नांगर टाकून," शकू म्हणाली. "मी जाते पुढं."

आणि ती खरेच पुढे गेली. पहिला टप्पा त्यांनी चौथ्या दिवशी जिंकला.

माझ्यावरचे सगळे लिहिणे इंग्रजीत होते. शकू सातवीपर्यंत शिकलेली. तिने हेमालीला शेजारी बसवून एकेका पत्त्यावर काय आहे ते विचारून घेतले आणि स्वतःच्या शब्दांत तिच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या पाकिटात पत्त्याच्या खालच्या कडेला घातल्या. भीती घालवणारी एक म्हातारी होती, तिचे नाव पडले नलूबाई. "हिला बोलवा, धीर येतो," एवढेच चिठ्ठीवर. कुलूप उघडणारा एक ठेंगू होता. त्याच्यावर लिहिले, "आधी एक बळ घेतो मग दार उघडतो. फुकट काय करत नाय." पाठीवर गाठोडे घेतलेली एक बाई होती, ती आली की दोन पत्ते जास्त मिळत. ती सुकटवाली. ती खेळताना शकू खूश असायची. "बगा, मी आले बाजारातून," म्हणायची.

खऱ्या नलूबाईला हे कळले तेव्हा ती पत्ता बघायला मुद्दाम आली. बराच वेळ निरखून म्हणाली, "एवढे दात पडलेत काय माजे?"

मोजणीसाठी मिळालेले प्लास्टिकचे तुकडे पहिल्याच महिन्यात हरवले. तेव्हापासून बळासाठी चिंचोके आणि भीतीसाठी शिंपले.

समुद्राची हवा कागदाला मानवत नाही. तेव्हा आम्हाला जाड पाकिटे नव्हती, साधी पातळ होती. वर्षभरात आम्ही फुगलो, एकमेकांना चिकटलो. शकूला दमट वस्तूवर एकच उपाय माहीत होता. जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला होता, त्याच चटईच्या एका कडेला तिने आम्हाला ओळीने मांडले, वारा लागू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला आणि दर तासाने परतत राहिली.

"शकू, आता पत्ते सुकवून विकनार काय?" वाटेने जाणाऱ्या बायका विचारायच्या.

"हो, पावशेर घे. कालवन कर," शकू म्हणायची.

आम्ही वाळलो, पण थोडे वाकलो. आणि अंगाला जवळ्याचा वास लागला, तो आजही आहे. हेमालीने डोक्याला हात लावला आणि मग ही जाड लाल आणि निळी पाकिटे आणली. मांजर अजूनही आमच्याजवळ येऊन हुंगते. मला त्याचे वाईट वाटत नाही. परदेशी कारखान्यात जन्मलो तरी वासावरून मी दांडीचा आहे हे कोणालाही कळेल.

पाच वर्षे रोज दुपारी चहानंतर ते दोघे खेळले. निळ्या कॅटमध्ये लढणारे होते. कुऱ्हाडवाले, भालावाले, आणि एक महाकाय राक्षस, जो चांगल्या बाजूचा होता पण त्याला बोलवायला सहा बळ लागायचे. माझ्यात वाट शोधणारे, जखम भरणारे, धीर देणारे. कमलाकांतने लांडगे अडवायचे आणि शकूने तोवर वाट काढायची, अशी वाटणी. एकावाचून दुसऱ्याचे चालत नसे. सात टप्पे त्यांनी दोनदा पुरे केले. तिसऱ्यांदा चौथ्या टप्प्यावर होते.

मग तो फोन आला आणि मी डब्यात गेलो.

डब्यात मी सात महिने होतो. पावसाळा गेला, होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या, त्यांच्या इंजिनांचा आवाज पत्र्यातून ऐकू यायचा. कार्तिकात एका दुपारी झाकण उघडले. कमलाकांतने निळ्या कॅटचे रबर काढले. ते सडले होते, हातातच तुटले. माझ्याकडे त्याने पाहिले, पण हात लावला नाही. चटई टाकली, चहा ठेवला आणि एकटा खेळायला बसला.

तो हरला. दुसऱ्या दिवशीही हरला. रोज पहिल्याच टप्प्यावर. मी उघड्या डब्यातून बघत होतो. निळे शिपाई लांडग्यांना मारायचे, पण वाट कोणाला सापडत नसे. आणि त्याहून मोठी एक अडचण होती, ती मला दिसत होती, त्याला दिसत नव्हती. कॅट फार लवकर संपत होता.

मित्रांनो, हरण्याचे काही नाही. खेळात माणूस हरतोच. पण कमलाकांत हरल्यावर गप्प व्हायचा आणि तो अबोला दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकायचा. चौदाव्या दिवशी त्याने हेमालीला फोन केला.

"रविवारी येशील ना? तो पत्त्यांचा डबा घेऊन जा. कंपनीतल्या पोरींना दे."

"का, बाबा?"

"माज्याकडनं व्हत नाय. एकट्याचा खेल नाय हा."

"एकट्यानंही खेळतात. पण त्याला वेगळा डेक बांधायला लागतो."

ती डेक म्हणते. कमलाकांत कॅटच म्हणतो.

"नको. घेऊन जा तू," तो म्हणाला.

म्हणजे रविवारनंतर मी या घरात राहणार नव्हतो. कंपनीतल्या मुली चांगल्या असतील, मला नीट ठेवतील. पण त्यांना सुकटवाली कोण ते कळणार नव्हते. त्या चिठ्ठ्या काढून टाकतील, असे वाटून मी आठवडाभर बेचैन होतो.

रविवारी हेमाली दुपारी आली. तिच्या आधीच भगवंत येऊन ओट्यावर बसला होता. भगवंत वीस वर्षे कमलाकांतच्या होडीवर खलाशी होता. त्याला खेळातले काही कळत नाही, पण बोलायला कारण लागत नाही. हेमाली म्हणाली, "डबा नेते मी, पण एकदा कसे खेळता ते दाखवा तरी." कमलाकांत नाइलाजाने बसला.

पहिली फेरी. त्याने निळ्या कॅटमधून एक पत्ता ओढला आणि हातात घेतला. मग आणखी एक ओढला आणि न बघता समोर, शकूच्या जागी पालथा ठेवला. दुसरी फेरी. एक हातात, एक समोर. तिसऱ्या फेरीला हेमालीने विचारले.

"बाबा, हे पालथे पत्ते कोणाचे?"

"तिचा वाटा."

 हेमालीने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "बाबा, नियमानं एकच ओढायचा असतो. म्हणून डेक निम्म्यात संपतो तुमचा."

"होडी एक, मासली एक," कमलाकांत म्हणाला. "वाटे दोन पडनारच. मानूस आजारी असला म्हनून त्याचा वाटा काडत नाय काय? मी तांडेल हाय. मी कवा कोनाचा वाटा खाल्ला नाय."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितले की त्यात काही चूक आहे असे मलाही वाटले नाही. त्यांच्या होडीवर तसेच होते. मासळी किनाऱ्यावर आली की वाळूवर वाटे पडायचे, आणि जो आजारी असेल त्याचाही वाटा पडायचा. त्याच्या घरची बाई पाटी घेऊन यायची आणि कोणी तिला काही विचारायचे नाही. तीस वर्षे ज्याने वाटे पाडले त्याचा हात पत्ते वाटतानाही तसाच चालला.

भगवंत ओट्यावरून आत आला आणि चटईच्या कडेला उकिडवा बसला.

"तांडेल, एक इचारू? रागावू नको."

"तू इचारल्याबिगर राहनार हाय काय?"

"नागोराव काविलीनं पडला व्हता, तवा आपन त्याचा वाटा काडला. बरोबर?"

"काडला."

"नागोराव गेला. त्याच्यामागं किती दिस काडला?"

"तो हंगाम संपेपर्यंत."

"आनि मग?"

कमलाकांतने हातातले पत्ते खाली ठेवले. "मग त्याचा भाऊ आला होडीवर. जिव्या."

"आला म्हंजे काय बसून राहिला? जालं वढलं त्यानं. नागोरावाच्या जागेवर उबा राहून वढलं. मग वाटा चालू राहिला त्या घराचा." भगवंतने पालथ्या पत्त्यांकडे बोट केले. "हा काय वाटा हाय? वालूत टाकलेली मासली हाय ही. ना तू खातोस, ना ती नेते. आनि तिची मानसं तिकडं डब्यात बसवून ठेवलीस. त्यांना होडीवर घे की."

"तिचा कॅट फोडू?"

"मला काय समजत नाय तुमचं. पन मानसं घरात बसवून होडी एकट्यानं वल्हवतोस आनि वर म्हनतोस व्हत नाय. कसं व्हईल? तू काय दर्या हायस?"

हेमाली रडता रडता हसली. कमलाकांत हसला नाही. तो उठून आत गेला. माठातले पाणी प्यायल्याचा आवाज आला. भांडे परत ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. भगवंतने हेमालीला खुणेने विचारले, जास्त बोललो काय? तिने खांदे उडवले.

मी डब्यात होतो. खरे सांगतो, मला भीती वाटत होती. शकूने जसा लावला होता तसाच मी होतो. माझ्यातला एक जरी पत्ता काढला तरी मी शकूचा कॅट राहणार नव्हतो. पण न काढला तर मी उमरोळीला जाणार होतो, आणि तिथेही मी शकूचा कॅट राहिलो नसतो.

कमलाकांत चष्मा लावून बाहेर आला. तो माझ्यासमोर बसला आणि त्याने माझे रबर काढले. मग एकेक पत्ता तो चटईवर उताणा मांडू लागला. चिठ्ठ्या त्याने कधी वाचल्या नव्हत्या. शकू समोर बसायची, त्यामुळे अक्षर त्याला उलटे दिसायचे आणि बारीकही होते. नावे तो तिच्या तोंडूनच ऐकायचा. नलूबाई आली. ठेंगू आला, द्या त्याचं बळ. सुकटवाली आली. तो वाचत गेला आणि ओळखत गेला. मग वाटाड्याचा पत्ता आला. हातात कंदील, खांद्यावर दोर, पाठमोरा उभा. माझ्यात हा पत्ता तीनदा होता आणि शकूचा सगळा खेळ याच्यावर चालायचा. हा खाली आला की धुक्यात वाट दिसायची. पण शकूने त्याचे नाव कधी घेतले नव्हते. ती फक्त म्हणायची, "हे आले."

कमलाकांतने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. हेमालीचे अक्षर होते.

"बाबा. वाट काढतात. बोलत नायत."

त्याने पुन्हा वाचले. मग हेमालीकडे बघितले.

"आईनं तसंच लिहायला सांगितलं," हेमाली म्हणाली. "आणि तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणाली, उगाच चढून बसतील."

"तिनी सांगायला पायजे व्हतं," कमलाकांत म्हणाला. चष्मा काढून पुसला, परत लावला. "मी पाच वर्सं त्याला कंदीलवाला म्हनत व्हतो."

भगवंतने पत्ता मागून घेतला, उलटासुलटा केला. "पाठीवरनं तूच हायस," तो म्हणाला.

ते तिन्ही वाटाडे कमलाकांतने बाजूला ठेवले. नव्या कॅटची सुरुवात तिथून झाली. हेमाली डबा न घेताच संध्याकाळी उमरोळीला गेली.

पण मित्रांनो, दोन कॅट एकत्र केले की एक चांगला कॅट होतो, असे नसते. पहिल्यांदा त्याने बरोबर निम्मे निम्मे घेतले. पंचवीस लाल, पंचवीस निळे. वाटणीची सवय. तो कॅट सोमवारी हरला. लढणारे आले की वाटाडे येत नसत आणि वाटाडे आले की लांडगे खाऊन टाकत. बळ तर एकालाच पुरेल इतके. हेमालीने फोनवर सांगितले, "बाबा, दोघं असता तेव्हा एक जण थांबून बळ साठवू शकतो, दुसरा सांभाळतो. एकट्याला थांबायला वेळ नसतो. स्वस्त पत्ते घ्या. पहिल्या फेरीपासून कामाला लागतील असे."

मग तो रोज दुपारी पत्ते चटईवर पसरून बसू लागला. प्रत्येकाला हातात घेऊन विचारायचा, तुझं काम काय? फक्त लढतोस? मग बाजूला हो. लढतोस आणि जखमही भरतोस? बस इकडे. एका निळ्या भालावाल्याला लाल फूल दिले तर तो अंधारातही लढतो, हे त्याला बुधवारी सापडले. पाच वर्षे तो भालावाला निळ्यात होता आणि फूल माझ्यात होते. दोघांना एकमेकांचा उपयोग आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण हातातले पत्ते दाखवायचे नाहीत असा नियम होता.

सुकटवालीचे तिन्ही पत्ते राहिले. नलूबाईचे तिनातले दोन राहिले, आणि एक काढला हे खऱ्या नलूबाईला सांगायचे नाही असे ठरले. भगवंतने दुसऱ्या दिवशी सांगून टाकले. नलूबाई कुंपणावरून ओरडली, "काडा, काडा! अडलं की परत याल बोलवायला!" शुक्रवारी तो भीती दहा होऊन हरला आणि शनिवारी त्याने तिसरी नलूबाई परत घातली.

सगळ्यात कठीण राक्षसाला काढणे गेले. कमलाकांतचा तो आवडता पत्ता. पण सहा बळ साठेपर्यंत एकटा माणूस जगत नाही. भगवंत म्हणाला, "एवडा मोटा मानूस आपल्या होडीत घेतला तर होडी जाईल खाली." कमलाकांतने त्याला डब्यात ठेवले. संध्याकाळी काढून परत बघितले. परत ठेवले.

समोर वाटा ठेवायचे त्याने आपोआप सोडले नाही. हात जायचाच. पहिले काही दिवस दुसरा पत्ता ओढून तो समोर ठेवायचा आणि मग जीभ चावून परत खाली सरकवायचा. आता क्वचितच होते. झाले तर तो पत्ता परत टाकत नाही, उताणा करून बघतो आणि "बरं" म्हणतो.

पंधरा दिवसांनी पहिला टप्पा जिंकला. दुपारचे चार वाजले होते. शेवटच्या फेरीला भीती नऊ होती, हातात एकच पत्ता, बळ दोन. लांडगे समोर. त्याने वाटाड्या खाली ठेवला. गुंतागुंतीचे काही नव्हते, बळ पुरले, वाट मिळाली, टप्पा संपला. कमलाकांत चटईवर तसाच बसला. मग स्वतःशीच, हळू आवाजात म्हणाला, "हे आले." आणि चहा परत गरम करायला उठला.

हेमालीला फोन करून त्याने पहिल्यांदा हेच सांगितले की नऊ शिंपले होते. मग पाच मिनिटे त्या डावाचे वर्णन केले. ती नातेवाइकांत बसली होती, तरी तिने सगळे ऐकले.

तर मित्रांनो, आता मी लाल कॅटही नाही आणि निळाही नाही. एका हातात मावतो आणि एका माणसाला पुरतो. माझ्यात अठ्ठावीस पत्ते शकूचे आहेत आणि एकवीस कमलाकांतचे. बाकीचे डब्यात आहेत. त्यांच्यात चिमूटभर मिरे टाकलेत, कसर लागू नये म्हणून. मला फोडतील याची मला फार भीती होती. आता वाटते, भीती डब्याची वाटायला हवी होती. डब्यात सात महिन्यांत जेवढा वाकलो तेवढा जवळ्याच्या चटईवरही वाकलो नव्हतो.

तुमच्याही घरात कोणीतरी वापरलेल्या वस्तू असतील. ते माणूस आता नसेल. वस्तू जपा, हात स्वच्छ धुऊन हाताळा, ओलीत ठेवू नका. पण त्यांना काम द्या. चष्मा लावून त्यांच्यावर काय लिहिले आहे ते एकदा वाचा. नाही वाचलेत तर तुम्हाला कळायचे राहून जाईल, आणि वस्तूला स्वतःहून सांगता येत नाही. मी आज सांगतो आहे तो अपवाद.

आम्ही आता तिसऱ्या टप्प्यावर आहोत. दोनदा हरलो, काल जवळ आलो होतो. रोज चहानंतर बसतो. भगवंत येतो, चुकीचे सल्ले देतो. हेमाली दर रविवारी येते आणि कॅट मोजते, कारण नियमाप्रमाणे पन्नास पत्ते लागतात. शेवटच्या जागेसाठी कमलाकांतने एक दिवस राक्षस घालून बघितला, एक दिवस दोराचा पत्ता, एक दिवस आणखी एक फूल, आणि तिन्ही परत काढले. हेमाली म्हणते, "बाबा, एकोणपन्नासनं खेळणं म्हणजे फसवणूक आहे." तो म्हणतो, "घालीन. घाई काय हाय?"

पन्नासावा पत्ता अजून ठरलेला नाही.